सत्तर टक्क्यांचा पहारा

नव्या इमारतीतला फ्लॅट घेणारा माणूस घराचे पैसे घर उभे राहण्याआधीच देतो. महाराष्ट्राच्या नियमांतल्या नमुना करारनाम्यातले हप्तेच पाहा. बुकिंगला १० टक्क्यांपर्यंत, करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोते पूर्ण झाले की ४५ टक्क्यांपर्यंत. इमारत जेमतेम जमिनीबरोबर आलेली असताना जवळजवळ निम्मी किंमत ग्राहकाच्या हातातून गेलेली असते. त्यात भविष्य निर्वाह निधीतून काढलेले पैसे असतात, गावाकडच्या जमिनीचे असतात, वीस वर्षांच्या गृहकर्जाचे असतात. ताबा मिळेपर्यंत हे पैसे कुठे राहतात आणि कोणाच्या सहीने बाहेर पडतात, यावर त्या कुटुंबाचे घर होणार की नाही हे ठरते. महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणाच्या, व्यवस्थेत या पैशांसाठी एक स्वतंत्र बँक खाते असते. या लेखात त्या खात्याची ओळख करून घेऊ.

असे खाते असावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. १९६३च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याच्या, म्हणजे ‘मोफा’च्या, पाचव्या कलमातच ती आहे. ग्राहकांकडून घेतलेली आगाऊ रक्कम बिल्डरने वेगळ्या खात्यात ठेवावी, ज्यासाठी घेतली त्यासाठीच वापरावी आणि सरकारी अधिकाऱ्याने लेखी मागितल्यास सगळा हिशेब द्यावा, असे ते कलम सांगते. कायदा मोडल्यास तुरुंगवासाचीही तरतूद होती. पण खाते कोणते, त्यात किती जमा झाले, किती निघाले, हे नियमाने आणि नेमाने पाहणारी यंत्रणाच नव्हती. एका प्रकल्पाचे पैसे दुसऱ्या जागेच्या खरेदीत जात राहिले आणि पहिल्या प्रकल्पाचे सांगाडे उभे राहिले.

हे किती टोकाला जाऊ शकते, ते नोएडाच्या आम्रपाली या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात देशाने पाहिले. चाळीस हजारांहून अधिक ग्राहक अडकले होते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायवैद्यक लेखापरीक्षकांना शिपाई आणि ऑफिसबॉय यांच्या नावावर काढलेल्या कंपन्या सापडल्या. ग्राहकांचा पैसा तिथून फिरवला गेला होता. २३ जुलै २०१९च्या निकालात न्यायालयाने कंपनीची रेरा नोंदणी रद्द केली आणि अपुरी घरे पूर्ण करण्याचे काम ‘एनबीसीसी’ या सरकारी कंपनीकडे दिले.

रिअल इस्टेट कायदा, म्हणजे ‘रेरा’, २०१६मध्ये संमत झाला आणि १ मे २०१७पासून पूर्णपणे अमलात आला. बिल्डरांच्या बाजूने त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. ६ डिसेंबर २०१७ला न्यायालयाने तो वैध ठरवला. कायद्याच्या चौथ्या कलमात खात्याचा नियम आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम अनुसूचित बँकेतल्या स्वतंत्र खात्यात जमा झाली पाहिजे. ती त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायची, आणि काम ज्या प्रमाणात झाले त्याच प्रमाणात काढायची.

पैसे काढायला तीन प्रमाणपत्रे लागतात. फॉर्म १मध्ये आर्किटेक्ट प्रत्यक्ष काम किती टक्के झाले ते लिहितो. फॉर्म २मध्ये इंजिनिअर त्या कामाचा खर्च मांडतो. फॉर्म ३मध्ये सीए अंदाजित खर्च आणि झालेला खर्च यांचे प्रमाण काढतो. समजा, प्रकल्पाचा एकूण अंदाजित खर्च २० कोटी आहे आणि प्रत्यक्ष ८ कोटींचे काम झाले आहे. प्रमाण ४० टक्के झाले, म्हणजे ८ कोटींपर्यंत रक्कम काढता येते. आधी ६ कोटी काढले असतील, तर आता फक्त २ कोटी मिळतील. आधीपासून सुरू असलेल्या प्रकल्पांसाठी फॉर्म ३मध्येच आणखी एक महत्त्वाची अट आहे. पुढे येणारी रक्कम उरलेल्या खर्चाला पुरत नसेल, तर ७० टक्क्यांऐवजी पूर्ण १०० टक्के रक्कम खात्यात भरावी लागते.

वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत खात्याचे लेखापरीक्षण होते. त्याचा अहवाल, म्हणजे फॉर्म ५, देणारा लेखापरीक्षक फॉर्म ३वर सही करणाऱ्या सीएपेक्षा वेगळा असावा लागतो. एकाने दिलेला आकडा दुसऱ्याने तपासायचा, हा या रचनेचा कणा आहे. आधीचे प्रमाणपत्र खोटे निघाले आणि पैसा भलतीकडे गेल्याचे दिसले, तर महारेरा त्या व्यावसायिकाची तक्रार त्याच्या नियामक संस्थेकडे करते. त्यात त्याचे सदस्यत्वही जाऊ शकते.

याला लोक सर्रास ‘एस्क्रो’ म्हणतात, पण दोन्हींत फरक आहे आणि तो ग्राहकाने समजून घ्यायला हवा. खऱ्या एस्क्रोमध्ये तिसरा पक्ष करारानुसार पैसा धरून ठेवतो आणि अटी पुऱ्या झाल्याची खात्री झाल्यावरच सोडतो. इथे खाते बिल्डरचेच असते. बँकेचा अधिकारी साइटवर जाऊन स्लॅब मोजत नाही. सगळा भार त्या तीन सह्यांवर आहे.

१ जुलै २०२४पासून महारेराने ही चौकट आणखी घट्ट केली. प्रत्येक प्रकल्पासाठी एकाच बँकेत तीन खाती सक्तीची झाली. ग्राहकांची रक्कम आधी संकलन खात्यात येते. तिथून किमान ७० टक्के स्वतंत्र खात्यात आणि उरलेली ३० टक्क्यांपर्यंतची रक्कम व्यवहार खात्यात आपोआप वर्ग होते. पहिल्या दोन खात्यांवर कोणत्याही कर्जदात्याचा बोजा चालत नाही. पूर्वी रक्कम वेगवेगळ्या खात्यांवर घेऊन मग ७० टक्क्यांचा हिशेब जुळवता येत असे. ती वाट या आदेशाने अडवली.

फसवणूक मात्र खात्याच्या कितीतरी आधी सुरू होऊ शकते. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बाबतीत महापालिकेच्या परवानगीची बनावट कागदपत्रे दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेली. रेरा क्रमांक पाहून निर्धास्त झालेल्या कुटुंबांनी तिथे घरे घेतली. नोव्हेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. ज्यांनी काहीच चूक केली नव्हती, त्यांच्या डोक्यावरचे छप्पर धोक्यात आले. या प्रकरणानंतर बांधकाम परवानगी थेट नियोजन प्राधिकरणाकडून पडताळून घेण्याची पद्धत महारेराने सुरू केली. बिल्डरने आणून दिलेल्या कागदावर भिस्त ठेवायची नाही, हा धडा फार मोठी किंमत मोजून मिळाला.

ग्राहकाशी पहिल्यांदा बोलतो तो बहुधा एजंट. चटई क्षेत्र म्हणजे काय, करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम का द्यायची नाही, चेक कोणत्या खात्याच्या नावे काढायचा, हे त्याला ठाऊक नसेल तर ग्राहकालाही कळत नाही. म्हणून जानेवारी २०२३मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. परीक्षा आयबीपीएस घेते. बँकांची भरती परीक्षा घेणारी हीच संस्था. पहिली परीक्षा मे २०२३मध्ये झाली. पुढे मुदतीत प्रमाणपत्र न मिळवणाऱ्या हजारो एजंटांची नोंदणी स्थगित झाली. ज्याच्या शब्दावर माणूस आयुष्याची कमाई ओततो, त्याला निदान कायदा माहीत असावा, ही अपेक्षा रास्त आहे. महारेराने ती कागदावरच न ठेवता अमलात आणली, याचे मोल मोठे आहे.

हाच आग्रह पुढच्या हातांबाबतही धरायला हवा. ४० टक्के काम झाले असे लिहिणारा आर्किटेक्ट आणि खर्च मांडणारा इंजिनिअर खरोखर साइटवर गेला होता का? सीएने बिलांचा ताळा घेतला का? आकडा चढवून लिहिलेल्या एका फॉर्मने खात्यातले कोट्यवधी रुपये कायदेशीरपणे बाहेर पडू शकतात. नंतर ग्राहकाला कलम १८ खाली व्याजासह परतावा मागता येतो आणि थकलेली रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाप्रमाणे वसूल करता येते. पण वसुलीला वेळ लागतो आणि विकण्याजोगे काही उरलेच नसेल तर आदेश हातात घेऊन वाट पाहावी लागते. ज्या टप्प्यावर पैसा अजून खात्यात आहे, त्या टप्प्यावरची तपासणीच खरी उपयोगाची. म्हणून सही करणाऱ्यांना या कामाचे खास प्रशिक्षण हवे आणि काही प्रकल्पांची अचानक, प्रत्यक्ष जागेवर तपासणी व्हायला हवी.

पाहणाऱ्यांत ग्राहकही येतो. १ ऑगस्ट २०२३पासून प्रत्येक जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंद उघडते. दर तीन महिन्यांनी बिल्डरला तिथे प्रगती नोंदवावी लागते. आपल्या इमारतीचे काम नोंदीत किती टक्के दाखवले आहे आणि समोर किती मजले उभे आहेत, हे बुकिंग केलेल्या चार कुटुंबांनी मिळून पाहिले, तरी फरक दिसतो. दिसला तर लगेच महारेराकडे लेखी तक्रार करावी, ताब्याची तारीख उलटण्याची वाट पाहू नये. मोफातले खाते पन्नास वर्षांहून अधिक काळ कायद्यात होते, पण त्याकडे पाहणारे कोणी नव्हते. आजच्या खात्याची बरीचशी माहिती सर्वांसमोर खुली आहे. ती वाचणे हा आपला हक्क आहे आणि आपल्याच पैशासाठी पार पाडायचे कामही.