बंदुकीची ओळख : लेखांक 11
अडीच की पावणेतीन?

या आठवड्यात छऱ्यांच्या नंबरांबद्दल लिहायचं ठरलं होतं. एलजी म्हणजे काय, एसजी कधी वापरायचं, चार नंबर कशासाठी. ते सगळं पुढच्या वेळी. मध्येच पाचगणीहून एक पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न आधी निकाली काढायला हवा, कारण पत्र लिहिणारे वाचक पैसे मोजायच्या बेतात आहेत.

हे वाचक खिंगरच्या बाजूला शेती करतात. थोडी स्ट्रॉबेरी, थोडा बटाटा. रानडुकरांनी दोन हंगाम वाफे उकरून टाकले. शेतीसंरक्षणाच्या परवान्यासाठी अर्ज केला, तो मंजूर झाला. आता बंदूक घ्यायची आहे, पहिलीच. नवीन झेपत नाही म्हणून जुनी बघताहेत. ओळखीतल्या एका वयस्कर परवानाधारकाकडे विलायती दुनळी आहे, ते ती काढायला तयार आहेत. किंमत आवाक्यातली आहे. वाचकांचा प्रश्न एवढाच : ‘नळ्यांच्या पोटाशी नॉट फॉर बॉल असं कोरलेलं आहे. म्हणजे या बंदुकीतून गोळी चालणार नाही, फक्त छरे चालतील, असंच ना?’

अर्थ बरोबर आहे. पण या तीन शब्दांत त्याहून कितीतरी जास्त माहिती दडलेली आहे. मी ती बंदूक पाहिलेली नाही, तरी तिचं वय सांगू शकतो.

इंग्लंडमध्ये बंदुकीची नळी विकण्याआधी तिची सरकारमान्य चाचणी व्हावी लागते. नेहमीपेक्षा बराच जास्त दाब देणारा बार उडवून बघतात. नळी टिकली तर तिच्यावर शिक्का मारतात. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला सनद मिळाली 1637 मध्ये, बर्मिंगहॅमचं चाचणीघर उभं राहिलं 1813 मध्ये. हे शिक्के नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर असतात, बंदूक जोडलेली असताना दिसत नाहीत. म्हणूनच बहुतेक मालकांनी ते कधी वाचलेलेच नसतात. आमच्या वाचकांनी नळ्या उतरवून घेऊन पाहिलं, याबद्दल त्यांचं कौतुक करायला हवं.

आता ‘नॉट फॉर बॉल’. 1870 च्या आधी बाराबोरची नळी मागून पुढपर्यंत एकसारखी असायची. तिच्यात छरे घाला नाहीतर नळीच्या मापाची एक गोल शिशाची गोळी घाला, दोन्ही चालायचं. त्यानंतर चोक आला. म्हणजे नळीचं तोंड किंचित आवळलेलं, त्यामुळे छरे लांबपर्यंत एकत्र जातात. 1875 मध्ये लंडनला ‘द फील्ड’ या साप्ताहिकाने चाचण्या भरवल्या आणि चोकचं नाव सगळीकडे झालं. पण आवळलेल्या तोंडातून पूर्ण मापाची गोळी जात नाही, अडकते, नळी फुगते किंवा फाटते. म्हणून चाचणीघरांनी अशा नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’ कोरायला सुरुवात केली. 1887 मध्ये नियम बदलले आणि त्याजागी नुसतं ‘चोक’ असं येऊ लागलं. म्हणजे हे तीन शब्द ज्या नळीवर आहेत ती 1875 ते 1887 या बारा वर्षांतली. दुसरं काही असू शकत नाही.

याचा अर्थ ही नळी काळ्या दारूच्या जमान्यात चाचणी झालेली आहे. काळी दारू धूर करते, तिचा दाब झटकन चढतो आणि नळीच्या पुढच्या भागात येईपर्यंत पुष्कळ उतरतो. आज परवान्यावर जी काडतुसं मिळतात ती बिनधुराच्या दारूची. तिचा दाब नळीत आणखी पुढपर्यंत टिकतो. मागाहून ‘नायट्रो प्रूफ’ असा वेगळा शिक्का मारून घेतला असेल तर गोष्ट वेगळी. तो नसेल तर ही नळी आजच्या काडतुसासाठी कुणी तपासलेलीच नाही. त्यात तिच्यावर पाण्याच्या लाटांसारखी किंवा वेलबुट्टीसारखी नक्षी दिसत असेल तर ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, ठोकून जोडलेली नळी आहे. दिसायला तिच्याइतकी देखणी नळी दुसरी नाही. पण त्या जोडांच्या आत सव्वाशे-दीडशे वर्षांत काय गंजलं आहे ते बाहेरून कळत नाही.

इथपर्यंत वय आणि दारू झाली. आता शीर्षकातला प्रश्न. या विषयावर मी आजचा सगळा लेख खर्च करतोय, कारण जुनी बंदूक घेणारे दहापैकी नऊ जण इथेच फसतात.

नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तो भाग म्हणजे चेंबर. चेंबर संपलं की नळी उतरती होत बोरच्या मापाला येते. जुन्या इंग्लिश बंदुकांचं चेंबर बहुतेक वेळा अडीच इंचांचं, म्हणजे आजच्या भाषेत 65 मिलीमीटरचं. नंतरच्या बंदुकांचं पावणेतीन इंचांचं, 70 मिलीमीटरचं. कुणीही म्हणेल, यात फसण्यासारखं काय? 70 चं काडतूस 65 च्या चेंबरमध्ये बसणारच नाही.

बसतं. आणि धोका आहे तो तिथेच. काडतुसाच्या डब्यावर जी लांबी छापलेली असते ती उडालेल्या काडतुसाची असते. न उडालेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, त्यामुळे ते चांगलंच आखूड असतं. 70 चं काडतूस 65 च्या चेंबरमध्ये सहज सरकतं, बंदूक खटकन बंद होते, काहीही अडत नाही. बार उडाला की ते दुमडलेलं तोंड उघडतं आणि त्याला जायला जागा असते ती त्या उतरत्या भागात. तोंडाची कड तिथे चेपून बसते, छरे आणि डाट (दारू आणि छऱ्यांमधला बोळा) त्या अरुंद जागेतून रेटून जातात, दाब वाढतो. धक्का खांद्याला जास्त बसतो, पण शिकाऊ माणसाला वाटतं बाराबोरचा धक्का असाच असणार. एक बार, दोन बार, दहा बार असे निघून जातात. मग बिजागरी सैल होते, दस्त्याच्या मानेला बारीक तडा जातो, आणि नळी आधीच गंजाने पातळ झालेली असेल तर एके दिवशी ती डाव्या हाताच्या बोटांपाशी फाटते.

तेव्हा चेंबरची लांबी कशी बघायची? 1925 च्या नियमांनंतर चाचणी झालेल्या इंग्लिश बंदुकांवर ती शिक्क्यातच वाचता येते. त्याआधीच्या बंदुकांवर मोजावी लागते. बंदूक मोकळी आहे याची खात्री करा, नळ्या उतरवा, उजेडाकडे धरून मागून आत बघा. चेंबर जिथे संपतं तिथे एक बारीक काळसर कडं दिसतं. पोलादी पातळ पट्टी चेंबरच्या भिंतीला लावून हलके सरकवली की टोक त्या उतारावर टेकतं. तिथला आकडा वाचा. हा झाला अंदाज. पक्कं माप परवानाधारक दुकानातला कारागीर गेज घालून सांगतो, आणि पैसे देण्याआधी त्याच्याकडे जायलाच हवं. अडीचची बंदूक वाईट नसते हेही सांगतो. नायट्रो प्रूफ झालेली, निरोगी नळीची अडीच इंची बंदूक 65 ची काडतुसं घालून सुखाने चालते. फक्त डब्यावरचा आकडा दर वेळी वाचायचा. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून उभा आहे आणि तिथली शक्तिमान काडतुसं आपल्याकडे सगळ्यांच्या परिचयाची आहेत, पण परिचयाचं नाव बघून डबा उचलायचा नाही. लांबी बघून उचलायचा.

बाकीची तपासणी थोडक्यात सांगतो. पुढचं लाकूड काढा, बंदूक बंद ठेवा, एका हातात नळ्या आणि दुसऱ्या हातात दस्ता धरून आडवी हलवा. जरासुद्धा खटखट जाणवली तर बिजागरी झिजली आहे. नळ्या बोटावर टांगून लाकडाच्या तुकड्याने हलकी टिचकी द्या. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर दोन नळ्यांमधली पट्टी शाबूत आहे, बद्द आवाज आला तर डाक सुटला आहे. नळीतून खिडकीच्या चौकटीकडे बघा. आत उजेडाची वर्तुळं सलग दिसली पाहिजेत. कुठे मोडलेली दिसली तर तिथे पोचा आहे. काळे ठिपके दिसले तर खड्डे आहेत, आणि ते चेंबरच्या पुढच्या वीतभर भागात असतील तर बंदूक परत करा.

या खड्ड्यांचं आपल्या भागातलं कारण वेगळं सांगायला हवं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. पाचगणीला त्याहून बराच कमी, पण जून ते सप्टेंबर धुकं घरात शिरतं. अशा हवेत बंदूक कातडी गवसणीत ठेवणं म्हणजे ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणं. जतच्या किंवा आटपाडीच्या कोरड्या हवेत पन्नास वर्षं राहिलेली साधी देशी बंदूक पाचगणीच्या बंगल्यात राहिलेल्या नामांकित बंदुकीपेक्षा आतून चांगली निघू शकते. दुसरं कारण निवडणुका. आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. जो मालक नळीला आतून तेल लावून, गवसणी काढून जमा करतो त्याची बंदूक जशीच्या तशी परत येते. जो घाईत नेऊन देतो त्याच्या नळीला त्या दोन महिन्यांत गंज धरतो. विकणाऱ्याला हे सरळ विचारा : जमा करताना तेल लावत होता का? उत्तरावरून माणूसही कळतो आणि बंदूकही.

आता कागद. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये शेतीसंरक्षणासाठी आधी ठासणीची बंदूक धरलेली आहे. तिने भागत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची, निदान 20 इंच लांब नळीची दुसरी बंदूक देता येते. तुमच्या परवान्यावर यातलं नेमकं काय लिहिलं आहे ते आधी वाचा. त्यावर फक्त ठासणीची असेल तर दुनळी बघायला जाण्यातच अर्थ नाही. खासगी विक्री करायची तर विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचं आणि त्यानंतर 45 दिवस थांबायचं. ते दिवस पूर्ण होण्याआधी बंदूक हातात घेऊन घरी येणं हा गुन्हा आहे, ओळख कितीही जुनी असो. विकणाऱ्याचा परवाना चालू आहे का, त्यावर यूआयएन, म्हणजे परवान्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे का ते बघा. इंग्लिश दुनळीचा नंबर सहसा नळीवर, मधल्या लोखंडी भागावर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर असा तीन ठिकाणी असतो. तिन्ही नंबर एक असले पाहिजेत आणि परवान्यावरच्या नंबराशी जुळले पाहिजेत. एक जरी वेगळा निघाला तर कुणीतरी दोन बंदुकांची एक केलेली आहे.

आणि बंदूक घरी आली म्हणजे डुकरावर चालवायची मुभा मिळाली असं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झालेली आहे. पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते. गवा तर पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, वाफ्यात येऊन उभा राहिला तरी त्याच्यावर नेम धरायचा नाही.

जुन्या विलायती बंदुकांचे भाव आपल्याकडे इतके का, हेही पुष्कळ जण विचारतात. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. त्यामुळे देशात आहेत तेवढ्याच फिरत राहतात आणि त्यांच्या नावाला पैसे पडतात. जी साधी इंग्लिश दुनळी तिकडे किरकोळ किमतीत मिळते तिच्यासाठी इकडे माणसं कर्ज काढतात. शेतीसाठी पहिली बंदूक घेणाऱ्याने या चढाओढीत उतरू नये. सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची किंवा चाचणीचा शिक्का असलेली चांगल्या देशी कारखान्याची एकनळी, 70 च्या चेंबरची, नळी आतून स्वच्छ, बिजागरी घट्ट. अशी बंदूक जुन्या बाजारात सगळ्यात स्वस्त असते, कारण तिला कुणी दिवाणखान्यात टांगत नाही. काम मात्र तीच करते.

तेव्हा खिंगरच्या वाचकांना माझं उत्तर : ती दुनळी घेऊ नका. मालकांना तिचं मोल सांगा, तिच्यावर नायट्रो प्रूफचा शिक्का नसेल तर तिच्यातून आजचं एकही काडतूस उडवू नये हेही आवर्जून सांगा, आणि तुमचे पैसे एखाद्या साध्या एकनळीसाठी राखून ठेवा. ज्यांच्या घरी जुनी दुनळी आहे त्या बाकीच्या वाचकांनी नळ्या उतरवून खालचे शिक्के अक्षर न अक्षर उतरवून पाठवावेत. फोटो नको, बंदुकीचा नंबरही नको, फक्त शिक्के. छऱ्यांचे नंबर पुढच्या आठवड्यात नक्की घेऊ. तोवर घरातल्या काडतुसांच्या डब्यावरची लांबी वाचून ठेवा.