कौलारू घरातील माळ्याचे निवासी खोलीत रूपांतर : नियोजनविषयक विचार

प्रस्तावना

कोकणातील जुन्या कौलारू घरांत कुटुंबविस्तारामुळे किंवा शहरातून परतणाऱ्या सदस्यांमुळे अधिक जागेची गरज निर्माण होते, तेव्हा प्रथम दृष्टी माळ्याकडे वळते. छप्पर आहे, भिंती आहेत, फळ्यांची जमीन आहे. आता केवळ जिना व खिडकी करावयाची, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात माळा हा घराच्या रचनेतील एक कार्यरत भाग असतो. तेथे खोली करावयाची म्हणजे त्याची मूळ कामे दुसरीकडे सोपवावी लागतात. प्रस्तुत लेखात या रूपांतराच्या नियोजनाचा उंची, भार, जिना, हवामान व परवानगी या पाच अंगांनी विचार केला आहे.

माळ्याचे मूळ कार्य

भात, नारळ, पेंढा व लाकूडफाटा यांची साठवण हा माळ्याचा सर्वपरिचित उपयोग. मात्र तापलेली कौले आणि राहती खोली यांमध्ये हवेचा थर राखणे, हेही त्याचे महत्त्वाचे कार्य आहे. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा बाहेर पडते आणि खालचे माजघर तुलनेने थंड राहते. गळती कोठे होते, कोणता वासा किडला आहे, हेही माळ्यावर चढूनच कळते. चुलीचा धूर वर जात असे तोवर लाकडाला कीटकांपासून काही अंशी संरक्षण मिळत असे. गॅस आल्यावर ते संपले. म्हणून जुने लाकूड आजवर टिकले, एवढ्यावरून ते पुढेही टिकेल असे गृहीत धरता येत नाही.

उंचीचा हिशेब

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२०१६) राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर असावी. उतरत्या छपराखाली ही उंची सरासरीने मोजतात. मात्र तुळई किंवा वळचणीखाली किमान २.४ मीटर मोकळी जागा अपेक्षित आहे. एका उदाहरणाने याचा अर्थ स्पष्ट होईल. घराची रुंदी ९ मीटर आणि छपराचा उतार ३० अंश असल्यास आढे भिंतीच्या माथ्यापासून सुमारे २.६ मीटर उंच येते. माळ्याची जमीन भिंतीच्या माथ्याशीच असेल, तर आढ्याखालीदेखील २.७५ मीटर उंची मिळत नाही. भिंत माळ्याच्या जमिनीपासून १ मीटर वर गेलेली असल्यास आढ्याखाली ३.६ मीटर मिळतात, मात्र २.४ मीटरची अट पाळून मध्यभागी सुमारे ४.१ मीटर रुंदीचाच पट्टा खोलीसाठी उरतो. वाशांखाली छत लावल्यास तोही अरुंद होतो. दोन्ही बाजूंची उरलेली जागा साठवणीसाठी ठेवावी. घराची रुंदी ६ मीटर असल्यास त्याच उताराचे आढे केवळ १.७ मीटर उंच येते. अशा घरात छपरच उचलावे लागते, आणि ते नवे बांधकाम ठरते.

मोजमाप घेताना छपराच्या कैचीकडे विशेष लक्ष द्यावे. कैचीची खालची आडवी तुळई डोक्याला लागते म्हणून ती कापण्याचा मोह होतो. ही तुळई वाशांच्या पायांना एकत्र बांधून ठेवते. ती कापल्यास छप्पर भिंतींना बाहेर ढकलू लागते. हा दोष लगेच दिसत नाही. काही पावसाळ्यांनंतर भिंतीच्या माथ्याशी तडा दिसतो.

भाराचा विचार

भारतीय मानक ८७५ (भाग २) नुसार राहत्या खोलीच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम चल भार धरतात. १२ चौरस मीटरच्या खोलीसाठी हा भार सुमारे २.४ टन होतो. माळ्यावर पूर्वी भाताची पोती ठेवली जात, हा युक्तिवाद पुरेसा नाही. पोती बहुधा भिंतीलगत रचली जात, तर माणसे व पलंग खोलीच्या मध्यभागी येतात. त्यातच फळ्यांवर ५० मिलिमीटर गिलाव्याचा थर देऊन २५ मिलिमीटर जाडीची कोटा फरशी बसविल्यास प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १६५ किलोग्रॅम कायमचा भार वाढतो. म्हणून माळ्याची जमीन लाकडीच ठेवणे श्रेयस्कर. वर स्नानगृह करणेही टाळावे; भार आणि ओल या दोन्ही गोष्टी कड्यांना घातक आहेत.

लाकडाची तपासणी करताना तुळईचे भिंतीत बसलेले टोक प्रथम पाहावे. ओल व वाळवी तेथेच लपते. टोकदार अवजार सहज आत गेले किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर संरचना अभियंत्याच्या तपासणीविना पुढे जाऊ नये.

जिना, उजेड आणि वारा

उभी शिडी साठवणीला चालते. राहत्या खोलीला वृद्ध व मुले चढू शकतील असा जिना लागतो. मजल्याची उंची २.८५ मीटर असल्यास १९ सेंटीमीटरच्या १५ चढणी होतात आणि २५ सेंटीमीटरच्या १४ पायऱ्यांसाठी ३.५ मीटर लांबी लागते. रुंदी १ मीटर धरल्यास खालच्या मजल्याची सुमारे ३.५ चौरस मीटर जागा जिन्याखाली जाते. ही वजाबाकी केल्यावरच वाढलेली जागा खरी किती, ते ठरते. जिन्याची पोकळी कड्यांच्या दिशेने काढावी, म्हणजे कमीत कमी कड्या तोडाव्या लागतात.

उष्ण व दमट प्रदेशात खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या एक-षष्ठांश असावे, असे संहिता सांगते. १२ चौरस मीटरला २ चौरस मीटर. या खिडक्या त्रिकोणी भिंतींत समोरासमोर ठेवाव्यात. उतरत्या छपरातून उभी खिडकी काढल्यास कौलांत पन्हळी तयार होतात व कोकणच्या पावसात तेथेच गळती सुरू होते. उजेडासाठी काचेची कौले पुरतात. वाशांखाली फळ्यांचे छत लावताना कौले आणि छत यांमध्ये वळचणीपासून आढ्यापर्यंत हवेचा सलग मार्ग ठेवावा. छताच्या काही फळ्या काढता येण्याजोग्या असाव्यात, अन्यथा शाकारणीपूर्वीची पाहणीच बंद होते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, तेव्हा असंख्य घरांची कौले उडाली. माळा रिकामा असताना कौले उडणे ही दुरुस्तीची बाब असते; तेथे माणसे झोपत असतील तर तो जीविताचा प्रश्न होतो. वासे भिंतीवरील आडव्या तुळईला धातूच्या पट्ट्यांनी बांधणे हा म्हणूनच खर्चातील अपरिहार्य भाग मानावा.

परवानगी आणि कामाचा क्रम

साठवणीच्या जागेचे राहत्या जागेत रूपांतर केल्यास ते बांधकाम-नियमांच्या कक्षेत येऊ शकते. घर ज्या स्थानिक प्राधिकरणाच्या हद्दीत आहे, तेथे नकाशासह आधीच विचारणा करावी. घर सामाईक असल्यास सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी. कामाचा क्रम ऋतूंशी जुळवावा : पावसाळ्यात गळतीच्या जागा टिपाव्यात, हिवाळ्यात लाकडाची तपासणी व आराखडा करावा, उन्हाळ्याच्या आरंभी छपराचे काम हाती घेऊन ते मेअखेर पूर्ण करावे. एप्रिलमधील एका दुपारी माळ्यावर तासभर बसून पाहणे, ही सर्वांत स्वस्त चाचणी होय.

समारोप

उंची पुरेशी, लाकूड निकोप आणि जिन्याला जागा असेल, तर माळ्याची खोली घराचे आयुष्य वाढविते. वापरातल्या छपराकडे लक्ष राहते. यांपैकी एकही अट पूर्ण होत नसेल, तर पडवीलगत स्वतंत्र खोली बांधणे अधिक सुरक्षित व बहुधा अधिक काटकसरीचे ठरते. अशा वेळी माळा माळाच ठेवण्याचा निर्णय हाही नियोजनाचा यशस्वी निष्कर्ष मानावा लागेल.