जेट बोटीचे स्टिअरिंग जड का होते?

स्कूटरची केबल बदलणे आपल्या शहरातील मिस्त्री बांधवांना नवे नाही. कोकण किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या वॉटर स्कूटर व जेट बोटींचे स्टिअरिंगही बहुधा केबलवरच चालते, म्हणून हा विषय आम्ही घेत आहोत.

या बोटीला सुकाणू नसते. इंजिन पाणी खेचून मागच्या तोटीतून जोराने फेकते. हँडल वळवले की केबल ती तोटी वळवते. पावसाळ्यात हा धंदा बंद असतो. केबलच्या आवरणात शिरलेले खारे पाणी तेवढ्यात गंज धरते आणि हंगामाच्या तोंडावर हँडल हलेनासे होते.

अशा वेळी जोर लावू नये. इंजिन बंद करून किल्ली काढावी, केबल तोटीपासून सोडवावी आणि तोटी हाताने फिरवून पाहावी. ती जड असेल तर तिच्या बोल्टांतील मीठ, वाळू धुऊन पाण्यात टिकणारे ग्रीस लावावे. ती मोकळी असेल तर केबल हँडलकडूनही सोडवावी. आता हँडल हलके फिरले तर दोष केबलचाच. न फिरले तर हँडलखालच्या सांध्याचा.

स्कूटरच्या क्लचची केबल फक्त ओढते, ही ढकलतेही. म्हणून आत गंजलेल्या केबलला तेल पाजून भागत नाही. त्याच लांबीची नवी घालावी, तीव्र वाक देऊ नये.

कापडाचा तागा खराब निघाला तर आम्ही बदलून देतो. पाण्यातली चूक बदलून देता येत नाही.