भाताचा वाडगा, पाण्याचा तांब्या

‘द गोल्ड रश’ला २०२५ मध्ये शंभर वर्षं झाली आणि चॅप्लिनचा बूट पुन्हा एकदा शिजला. तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा होता, हा किस्सा आता सगळ्यांना पाठ आहे. प्रसंगाची खरी गंमत मात्र वाढपात आहे. बर्फात अडकलेली दोन उपाशी माणसं, पुढ्यात उकडलेला बूट. तरी चार्ली तो पाहुण्याला वाढावा तसा ताटलीत काढतो, नाड्या काट्याला गुंडाळून शेवयांसारख्या खातो, खिळे हाडं चोखावीत तसे चोखतो. सोबत्याला मऊ भाग हवा असतो, म्हणून तो ताटल्यांची अदलाबदल करतो. मरायची पाळी आली तरी कुणाचा वाटा किती, हा हिशेब सुटत नाही. जागतिक सिनेमातले खाण्यापिण्याचे जे प्रसंग लोकांच्या डोक्यात राहिले, ते बहुतेक याच हिशेबाचे आहेत. वाफाळत्या पदार्थांवरून संथ फिरणारा कॅमेरा ही नंतरची हौस. ‘बॅबेट्स फीस्ट’मध्ये (१९८७) तशी दृश्यं भरपूर आहेत, पण तिथेही लक्षात राहते ती लॉटरीचे दहा हजार फ्रँक एकाच जेवणावर उधळणारी स्वयंपाकीण.

हा हिशेब सर्वांत स्वच्छ मांडला तो अकिरा कुरोसावाने, ‘सेव्हन सामुराई’त (१९५४). आणि ज्वारीच्या मुलखात तो जितका आतून कळतो, तितका भाताच्या मुलखात कळणार नाही. दरोडेखोरांनी गांजलेले शेतकरी लढवय्ये शोधायला गावोगाव फिरतात. द्यायला पैसा नाही. तीन वेळचा पांढरा भात हीच मजुरी. तो भात ते स्वतः खात नाहीत, त्यांच्या वाट्याला भरड धान्य. धर्मशाळेत त्यांचा तांदूळ चोरीला जातो आणि म्हातारा योहेई फळ्यांवर सांडलेला एकेक दाणा बोटांनी टिपत बसतो. कुरोसावा इथे घाई करत नाही. पुढे शेजारचा एक उर्मट हमाल भाताने भरलेला वाडगा सामुराईंच्या नाकासमोर धरून सुनावतो की हे तुम्हाला मिळणार, आणि हे बिचारे काय खातात ते बघा. काम्बेईच्या भूमिकेतला ताकाशी शिमुरा वाडगा हातात घेतो आणि हे अन्न वाया जाऊ देणार नाही, एवढंच बोलतो. जवळपास साडेतीन तासांच्या चित्रपटाचा करार त्या वाडग्यावर होतो; कागद नाही, साक्षीदार नाही.

लातूर-नांदेडकडच्या जुन्या घरांत भात सणावाराला किंवा पाहुणा आला तर. एरवी ज्वारीची भाकरी. १९७२च्या दुष्काळात तीही महाग झाली, परदेशातून आलेला लाल मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी खाऊन माणसं जगली. पाहुण्याच्या ताटातल्या भाताकडे दाराआडून बघणारं पोर ज्या घरात होतं, तिथे कुरोसावा समजावून सांगावा लागत नाही.

डी सिकाच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’मध्ये (१९४८) हॉटेलात शेजारच्या टेबलावरच्या श्रीमंत पोराकडे चोरून बघणारा ब्रूनो, किंवा ‘पथेर पांचाली’त (१९५५) मिठाईवाल्याच्या मागे निघालेली दुर्गा, अपू आणि कुत्रं हे त्याच पंगतीतले.

मराठी सिनेमाने हे कमी वेळा, पण नेमकं दाखवलं. जब्बार पटेलांच्या ‘सामना’त दारू हे सत्तेचं हत्यार आहे. निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदूराव रस्त्यावरच्या बेवारस मास्तराला वाड्यावर आणतो, पाजतो, पाहुणचार करतो. उसाची साखर होते, मळीची दारू होते, आणि श्रीराम लागूंचा मास्तर दोन्हीच्या मालकाला नको तो प्रश्न विचारत राहतो. सतीश मनवरच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९) विदर्भातली अलका नवऱ्याने जीव देऊ नये म्हणून त्याला आवडीचं करून घालते. तिचं पुरण हा पहाराच असतो.

पिण्याची गोष्ट निघाली की लातूर-नांदेड या दोन जिल्ह्यांत ती पाण्यावरच येते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाच लाख लिटर पाणी लातुरात आलं, तेव्हा स्टेशनावर देशभरचे कॅमेरे होते. सिनेमाने मात्र कॅमेरा नेला नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीत. आदिनाथ कोठारेचा ‘पाणी’ हनुमंत केंद्रे यांच्या खऱ्या हकिकतीवर बेतलेला आहे: गावात पाणी नाही म्हणून पोरीचे लोक सोयरीक करायला तयार नाहीत. ६६व्या राष्ट्रीय पुरस्कारांत, २०१९ साली, त्याला पर्यावरण विभागात पारितोषिक मिळालं. थिएटरात यायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. प्रेमकथेचं साखरपाणी त्यात जरा जास्त झालं आहे. पण पेच अस्सल इथला आहे. दारात माणूस आला की आधी तांब्या, मग विचारपूस, चहा त्यानंतर. मुलगी बघायला आलेल्यांचा आणि मुलीच्या बापाचा सगळा शिष्टाचार तांब्यापासून सुरू होतो. ज्या गावात तो तांब्या टँकरच्या पाण्याने भरतो, तिथे बोलणी चहापर्यंत पोचण्याआधीच मुलीचा बाप घागरी मोजून झालेला असतो.