डेमॉइन : तीन दशकांचा जमाखर्च

आयोवा राज्याची राजधानी डेमॉइन हे अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातले मध्यम आकाराचे शहर आहे. २०२०च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,१४,१३३ भरली. उपनगरे धरली तर ती सात लाखांवर जाते. डेमॉइन आणि रॅकून या नद्यांच्या संगमावर वसलेल्या या शहराच्या अलीकडच्या इतिहासात १९९३चे वर्ष मैलाचा दगड ठरले.

११ जुलै १९९३ रोजी रॅकून नदीचे पाणी बांध ओलांडून जलशुद्धीकरण केंद्रात शिरले आणि सुमारे अडीच लाख लोकांचे नळ कोरडे पडले. नळाला पुन्हा पाणी यायला जवळपास १२ दिवस लागले. ते पिण्याजोगे व्हायला आणखी आठवडा गेला. सारी भिस्त एकाच केंद्रावर असल्याने हा फटका बसला होता. पुढे बांध उंच झाले आणि इतर ठिकाणीही केंद्रे उभी राहिली.

शहराचे पोट मुख्यतः विमा आणि वित्त व्यवसायावर चालते. १८७९मध्ये स्थापन झालेली आणि आज ‘प्रिन्सिपल’ या नावाने ओळखली जाणारी कंपनी इथलीच. किनारपट्टीच्या महानगरांपेक्षा इथे घरे बरीच स्वस्त असल्याने मध्यमवर्गीय कुटुंबाला स्वतःचे घर घेणे आवाक्यात राहिले. मात्र नोकऱ्या मोजक्या क्षेत्रांत एकवटल्या, आणि मोठी कंपनी परक्या हाती गेली की शहराला झळ बसते. १९०२पासून इथे वाढलेली मेरेडिथ ही प्रकाशनसंस्था २०२१मध्ये न्यूयॉर्कच्या कंपनीने विकत घेतली, तेव्हा निर्णयाची सूत्रेही तिकडे गेली.

मध्यवस्तीत १९८०च्या दशकापासून स्कायवॉकचे जाळे विणले गेले. इमारतींना दुसऱ्या मजल्यावर जोडणाऱ्या या बंदिस्त, उबदार पुलांमुळे जानेवारीत पारा उणे २० अंशांखाली गेला, तरी पार्किंगपासून टेबलापर्यंत कोट न घालता जाता येते. पण वर्दळ वर सरकली, तशी खालच्या रस्त्यांवरची दुकाने ओस पडली. २०००नंतर जुन्या गोदामांत आणि कार्यालयांत सदनिका झाल्या, ईस्ट व्हिलेजसारखे भाग गजबजले आणि संध्याकाळी पाचनंतरचा शुकशुकाट कमी झाला.

कामावर जायला बहुतेकांना अर्धा तासही लागत नाही, हे इथले मोठे सुख. मात्र ते गाडी असणाऱ्यांचे. बससेवा मर्यादित असल्याने गाडी नसलेल्याची परवड होते. या वेगवान प्रवासाची किंमतही सर्वांनी सारखी मोजलेली नाही. शहरी पुनर्रचना आणि १९६०च्या दशकातला आय-२३५ महामार्ग यांत सेंटर स्ट्रीटची कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती उद्ध्वस्त झाली.

नवागतांना सामावून घेण्याची परंपरा मात्र जुनी आहे. १९७५मध्ये राज्यपाल रॉबर्ट रे यांनी आग्नेय आशियातल्या ताई दाम निर्वासितांना आयोवात आसरा दिला. शेतीशी असलेल्या नात्यामुळे जागतिक अन्न पुरस्काराचे मुख्यालयही इथे आले. १९९८चा हा पुरस्कार महिको या बियाणे कंपनीचे संस्थापक, जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला होता. भारतीय कुटुंबांना जवळच्या मॅड्रिड गावातल्या हिंदू मंदिराचा आधार आहे. पण भारतात जायचे तर शिकागोसारख्या मोठ्या विमानतळावर विमान बदलावेच लागते.

सर्वांत अवघड प्रश्न पुन्हा पाण्याचाच. भोवतालच्या मक्याच्या शेतांत जमिनीखाली निचऱ्याचे पाइप घातलेले आहेत. खतांतला आणि मातीतला नायट्रेट त्यांतून ओढ्यांत आणि पुढे नदीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच शहराला नायट्रेट काढण्याची खास यंत्रणा बसवावी लागली. २०१५मध्ये पाणीपुरवठा मंडळाने वरच्या भागातल्या निचरा मंडळांवर दावा लावला. तो २०१७मध्ये फेटाळला गेला. जून २०२५मध्ये तर हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आली, कारण नायट्रेट काढण्याची क्षमता मागणीला पुरत नव्हती.

गेल्या तीन दशकांत स्वस्त घर, जवळची नोकरी आणि जिवंत झालेली मध्यवस्ती हे शहराच्या जमेच्या बाजूला पडले. हवामान, गाडीवाचूनची अडचण आणि मोजक्या उद्योगांवरची मदार या उणिवा शहराला आपल्या हिमतीवर कमी करता येतील किंवा सोसता येतील. नदीचे पाणी मात्र हद्दीबाहेरच्या शेतांतून येते; त्यामुळे तो प्रश्न सुटायला शहर आणि शेतकरी यांना एकत्र यावेच लागेल.