‘हायब्रिड’ प्लमचं रोप मागवताय? आधी थंडीचे तास मोजा

लालभडक प्लमने लगडलेली कुंडी आणि खाली ओळ : ‘हायब्रिड आहे, कुठेही येतं!’ अशी जाहिरात फीडमध्ये दिसली की रोप मागवायचा मोह होतोच. पण हे झाड खरंच कुठेही फळतं का?

हायब्रिड म्हणजे नेमकं काय?

हायब्रिड म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा संकर. कोणत्याही हवामानात तग धरणारं झाड, असा त्याचा अर्थ नाही. ‘सांता रोझा’ हे प्रसिद्ध वाण घ्या. अमेरिकेतल्या ल्यूथर बरबँक यांनी १८८५ मध्ये जपानहून प्लमची रोपं मागवली आणि पुढे संकर करून अनेक वाण तयार केले. त्यातलं सांता रोझा १९०६ मध्ये बाजारात आलं. आज हिमाचल प्रदेशातल्या बागांमध्येही ते घेतलं जातं.

मग अडतं कुठे?

थंडीवर. प्लमचं झाड हिवाळ्यात पानं गाळून झोपी जातं. पुरेशी थंडी मिळाली तरच कळ्या नीट उमलतात. सांता रोझाला साधारण ७ अंश सेल्सिअसखालचे ३०० ते ४०० तास लागतात. मुंबई, कोकण, गोव्यात इतकी थंडी पडत नाही. पुण्या-नाशकात काही रात्री पारा घसरतो, पण दिवसा ऊन तापतं, त्यामुळे तासांची बेरीज जमणं अवघड. अशा ठिकाणी झाड वाढेल, पण फळांची खात्री नाही. खत वाढवूनही ही कसर भरून निघत नाही.

थंड भागात घर असेल तर?

• बी लावू नका, कलमच घ्या. संकरित झाडाच्या बीपासून तेच वाण मिळत नाही.
• हिवाळ्यात, झाड झोपेत असताना लागवड करा. कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा.
• भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा हवाच.
• सांता रोझा एकटंही फळतं, पण जवळ त्याच सुमारास फुलणारं दुसरं जपानी प्लम असेल तर फळधारणा सुधारते.
• फळं गोटीएवढी झाली की विरळणी करा. दोन फळांत १० ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवा, नाहीतर फळं बारीक राहतात आणि फांद्या मोडतात.
• पहिल्या फळांसाठी तीन-चार वर्षं धीर धरा.

थोडक्यात, रोप घेण्याआधी विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा : वाणाचं नाव काय आणि त्याला थंडीचे किती तास लागतात? उत्तर फक्त ‘हायब्रिड आहे’ एवढंच आलं, तर पैसे खिशातच ठेवा.