प्रसंग सरला, तरी धसका उरतो

देवळाली कॅम्पच्या ब्रिटिश छावणीत मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे सैनिक महिनोन्‌महिने अडकून पडत. काहींचे मन ढासळे. नेमके उपचार तेव्हा नव्हते. मन असे ढासळण्याचे एक कारण आज ठाऊक आहे: युद्ध, अपघात किंवा अत्याचारानंतर काहींच्या मेंदूतील अमिग्डाला हा भीती ओळखणारा भाग धोक्याची घंटा वाजवतच राहतो. साधा फटाका फुटला, तरी छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणात ‘पीटीएसडी’ (आघातानंतरचा ताणविकार) या नावाने या त्रासाची आजार म्हणून नोंद झाली. उपचारात प्रशिक्षित तज्ज्ञ त्या प्रसंगाची आठवण सुरक्षित वातावरणात, टप्प्याटप्प्याने बोलती करतात. धोका टळला आहे, हे मेंदू हळूहळू शिकतो. त्रास महिनाभर टिकला, तर अंगावर काढू नका. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो; मराठीतही बोलता येते.